फायबरच्या बोटीतलं सडकं लाकूड बदलताना

फायबर सडत नाही असं बोट विकणारा सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. सडतात ती फायबरच्या पोटात बसवलेली लाकडं. इंजिन अडकवायची मागची उभी फळी, जिला कारागीर ट्रान्सम म्हणतात, ती एक. आणि तळाला नाकापासून शेपटीपर्यंत ताठ धरणारे लांब दांडे, म्हणजे स्ट्रिंगर. वरून बोट चकचकीत दिसते, आत फळीचा भुगा झालेला असतो. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात, गोसीखुर्दच्या फुगवट्याच्या काठानं अशा बोटी बऱ्याच पडून आहेत. मच्छीमार संस्थेनं लिलावात घ्यायची, दोन-चार पावसाळे वापरायची, मागची फळी हलायला लागली की पालथी घालून विसरून जायची. त्यातल्या बहुतेक दुरुस्त होतात. कामाला अक्कल फार लागत नाही, दम लागतो.

नवीन फळी आणायच्या आधी पाणी कुठून शिरलं ते शोधा. ते भोक तसंच राहिलं तर नवी फळीही जुनीच्याच वाटेनं जाईल. खाऱ्या पाण्यात लाकूड खाणारी बुरशी नीट वाढत नाही, गोड्या पाण्यात तिला मोकळं रान मिळतं. वैनगंगेचं पाणी गोडं आणि पावसाचं त्याहून गोडं. त्यामुळं आपल्याकडची बोट नदीच्या पाण्यानं कमी आणि आत साचलेल्या पावसाच्या पाण्यानं जास्त सडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काठावर उताणी पडलेल्या बोटीत पाणी तुंबतं आणि पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून, इंजिनाच्या बोल्टांतून, वल्ह्याच्या कड्यांच्या स्क्रूंतून फळीत उतरतं. आत गेलेलं पाणी दोन्हीकडून फायबरनं कोंडलेलं, म्हणून ते सुकतही नाही. दहापैकी नऊ वेळा बुचाचं भोकच गुन्हेगार निघतं. तिथं प्लायचा कापलेला काठ उघडा असतो आणि पाणी त्यातून वर चढत जातं.

तपासायला पेचकसाची प्लास्टिकची मूठ पुरते. फळीवर इंचाइंचानं ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सडक्या जागी भद्द. शंका आली तिथं आतल्या बाजूनं पाच मिलीमीटरचं भोक पाडा, बाहेरून नको. बिटाला पिवळा कोरडा भुसा आला तर लाकूड जिवंत आहे. काळपट ओला चिखल आला आणि मुरलेल्या कुटारासारखा वास सुटला तर ते गेलं. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि फळीच्या वरच्या काठाकडे बघा. काठ इंजिनाबरोबर वाकत असेल तर ठोकत बसायची गरज नाही. जलपर्णीत चालणाऱ्या बोटींचं हे दुखणं जास्त. पंख्याला वेल गुंडाळते, चालवणारा झटके देतो आणि तो सगळा जोर या फळीवर येतो.

कामाला दिवाळीनंतरचे दिवस घ्या. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा रेझिन, म्हणजे काचेचं कापड भिजवून कडक करणारं चिकट रसायन, डब्यातच गोठतं, ब्रशसकट. पावसाळ्यात लाकूड सुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, पण रात्री गारठा असतो आणि पंधरा अंशांखाली पॉलिएस्टर हे स्वस्त रेझिन नीट पिकत, म्हणजे कडक होत, नाही. म्हणून सकाळी दहानंतर सुरू करायचं आणि चारच्या आत शेवटचा थर टाकायचा. बोट उघडी करून आतलं सगळं निदान तीन-चार आठवडे वाळू द्या. वर ताडपत्री, बाजूनं वारा. घाई करणारा इथंच फसतो.

आता कापाकापी. त्याआधी बोटीचा आकार बांधून घ्या, कारण स्ट्रिंगर काढल्यावर सोळा फुटी बोटीचा तळ ओल्या टोपलीसारखा पसरतो. धानाच्या पेंढ्यांवर किंवा टायरांवर ठेवू नका, तो आधार सारखा राहत नाही. लाकडी घोड्या करा आणि तळाच्या वळणाला कापलेल्या फळ्या त्यावर बसवा. मग नाकाच्या मध्यापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून मोजा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. ती बोटीच्याच अंगावर मार्करनं लिहून ठेवा, कागद हरवतो. शिवाय सगळे स्ट्रिंगर एकदम काढायचे नाहीत. एक काढा, बसवा, पिकू द्या, मग दुसरा.

ट्रान्सम आतून उघडायचा. बाहेरची कातडी, रंगासकट, शाबूत राहिली पाहिजे. तीच तुमचा साचा आहे. ग्राइंडरला कटिंगची चकती लावून आतल्या फायबरला चौकटीत चीर द्या, पण तळाला आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांची पट्टी सोडा. पुढं नवं फायबर त्या पट्टीवर चढवायचं आहे. पत्रा उचलल्यासारखं आतलं पान निघालं की पटाशी आणि हातोडी घ्या. सडलेला भाग हातानंच निघेल. अंत बघतो तो कोपऱ्यातला चांगला तुकडा. सगळं निघाल्यावर छत्तीस किंवा चाळीस नंबरची चकती लावून आतला पृष्ठभाग खरवडा, जुना चमकदार थर राहता कामा नये. चकाकणाऱ्या फायबरला नवं रेझिन चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या हंगामात सुटतं.

फायबरच्या धुळीबद्दल एकच सांगतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाला रबर, डोळ्यांना बंद चष्मा आणि चांगला मास्क. रुमाल बांधून भागत नाही. अंगाला आधी टाल्कम पावडर चोळा आणि काम झाल्यावर थंड पाण्यानं अंघोळ करा. नाहीतर काचेच्या कुसळांची खाज रात्रभर झोपू देत नाही. ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

मग लाकूड कोणतं, हा वाद आपल्याकडं हमखास होतो. बोटीचे मालक, वयानं माझ्या वडलांएवढे ढिवर काका, काम बघायला येऊन बसले होते. म्हणाले, "बापू, सागवानच टाक. पिलायऊड पाण्यात फुगते."

"काका, दाराला सागवान टाकू. हे फायबरच्या आत जाते, तिथं ते चिकटत नाही."

"काहून नाई चिकटत?"

तर त्याचं कारण असं. सागवानात तेल असतं. त्यामुळंच ते पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, पण त्याच तेलावर रेझिन धरत नाही, पॉलिएस्टर तर मुळीच नाही. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान आपला मान आहे, पण तो मान इथं कामाचा नाही. शिवाय अख्खं लाकूड ओलं-कोरडं होताना आडवं फुगतं-आकसतं आणि आतून फायबरचा सांधा फोडतं. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यानं ते तेवढं हलत नाही. प्लाय घ्या, पण मरीन. त्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो. आयएस ३०३चा साधा प्लाय फर्निचरसाठी आहे. दुकानदार "तेच आहे हो" म्हणेल. त्याच्याकडून हाताएवढा तुकडा मागा, चुलीवर पातेल्यात टाका आणि दिवसभर उकळत ठेवा. मधूनमधून पाणी घालत राहा, सोबत तुराट्या जळत राहू द्या. संध्याकाळी काढून काठावर नखानं उचकवा. थर सुटला, फुगला किंवा पोट आलं तर तो मरीन नव्हे. मानकानुसार आयएस ७१०च्या गोंदानं बहात्तर तास उकळणं सोसायला हवं, म्हणजे आपली परीक्षा सोपीच झाली. काका तेवढा वेळ चुलीजवळ बसून राहिले आणि तुकडा हातात घेऊन दोनदा वाकवून बघितला. मग सागवानाचं नाव काढलं नाही.

ट्रान्समला अठरा मिलीमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून छत्तीस करायचे. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, बोटीत बसवून बघा, तळाला चार-पाच मिलीमीटर जागा सोडा. लाकडाच्या काठांना रेझिन पिऊ द्यायचं. पहिला हात पूर्ण मुरतो, दुसरा थोडा, तिसऱ्याला ते पिणं थांबवतं. काठच सगळ्यात जास्त पाणी ओढतात, म्हणून या कामात हात आखडू नका.

रेझिनमध्ये दोन जाती लक्षात ठेवा. पॉलिएस्टर स्वस्त, नागपूरला फायबरच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतं. इपॉक्सी महाग, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला जास्त घट्ट धरतं. ट्रान्सम मी पूर्ण इपॉक्सीत करतो, त्यावरची कापडंसुद्धा. स्ट्रिंगरला पॉलिएस्टर चालतं, कारण तिथं ताकद लाकडाची नसून त्याभोवतीच्या फायबरच्या खोक्याची असते. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नको, ते नीट पिकत नाही. आणि इपॉक्सीबरोबर तुकड्यांची मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, वापरू नका. तिला बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, म्हणून ती ओली होत नाही. इपॉक्सीला विणलेलं कापडच लावा.

हार्डनर (रेझिन पिकवणारं रसायन) वाढवून इपॉक्सी लवकर पिकवायचा नाद करू नका. त्याचं प्रमाण ठरलेलं असतं, डब्यावर लिहिलेलं, ते वजनकाट्यावर मोजून घ्यायचं. पॉलिएस्टरला मात्र किलोमागं दहा ते वीस मिलीलिटर हार्डनर लागतं, उन्हाळ्यात दहाकडे, हिवाळ्यात वीसकडे. दुकानात आधीच कोबाल्ट, म्हणजे पिकण्याला वेग देणारं रसायन, मिसळलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या. सुटं कोबाल्ट घेतलंत तर हे पाठ करा: कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधी येऊ द्यायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. एकाच चमच्यानं दोन्ही मोजायचे नाहीत, एका फडताळात शेजारी ठेवायचे नाहीत. उरलेलं रेझिन बादलीत ठेवून जेवायला जाऊ नका, ते आपलंच तापून धूर काढतं. त्या परिसरात बिडी ओढणाऱ्याला अगदी सख्खा असला तरी बाहेर काढा.

बसवताना फळी कोरडी ठोकायची नाही. इपॉक्सीत सिलिका पावडर मिसळून श्रीखंडाइतकी घट्ट लापशी करा, बाहेरच्या कातडीवर खाचांच्या थापीनं पसरवा आणि फळी दाबा. जुन्या इंजिनाच्या भोकांतून आटे पाडलेल्या सळ्या घालून दोन्हीकडून पाट्या आवळा, वर शिकंजे लावा. काठांतून सगळीकडून लापशी बाहेर आली म्हणजे आत पोकळी राहिली नाही. इतकं आवळू नका की सगळीच बाहेर येईल.

आत जिथं फळी तळाला मिळते तिथं काटकोन ठेवायचा नाही. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, तिथं हवा धरतं. त्याच लापशीचा गोलसर भराव घाला. डालड्याच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण अर्धं कापून त्याचा गोल काठ फिरवलात तर तो एकसारखा येतो. लापशी पूर्ण कडक व्हायच्या आत कापड चढवा. पहिली पट्टी अरुंद, दोन इंच इकडं-तिकडं, मग चार, मग सहा, म्हणजे एका काठावर सगळे थर संपणार नाहीत. आधी सोडलेल्या जुन्या फायबरच्या पट्टीला रंधल्यासारखा उतार द्या. सहा मिलीमीटर जाडीला निदान सत्तर मिलीमीटर लांबीचा. कापडात पांढरे ठिपके दिसले तर ती हवा आहे, लोखंडी रोलर दाबून काढा. नीट भिजलेलं कापड पारदर्शक होतं, खालचं लाकूड दिसतं.

स्ट्रिंगरचंही तेच, फक्त मॅट आणि रोव्हिंग (जाड धाग्यांचं विणलेलं कापड) आलटून-पालटून, पॉलिएस्टरमध्ये. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटला वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन पुरतं. जास्त ओतलं की ताकद वाढत नाही, काम ठिसूळ होतं. लाकूड तळाला थेट टेकवू नका, मध्ये पॉलिएस्टरच्याच लापशीचा थर हवा. टेकलेल्या जागी तळाला दाब येतो आणि पाण्यात बोट आपटली की बाहेर केसासारखी चीर दिसते. पॉलिएस्टरचा वरचा थर हवेत चिकटच राहतो. पुढचा थर बसायला ते बरंच आहे, पण शेवटच्या थरात मेण मिसळलेलं रेझिन वापरा.

शेवटी भोकं. यासाठी हा सगळा खटाटोप होता. इंजिनाचे बोल्ट थेट प्लायमध्ये घालू नका. बारा मिलीमीटरचा बोल्ट असेल तर वीस मिलीमीटरचं भोक पाडा, ते इपॉक्सी लापशीनं भरा, पिकल्यावर त्याच्या मधोमध बाराचं भोक. आता बोल्टाभोवती लाकूड नाही, कडक रेझिनची बांगडी आहे. बुचाच्या भोकालाही हेच, आत पितळी नळी बसवून. वल्ह्याच्या कड्यांच्या चिल्लर स्क्रूंनाही. रंग मारताना इपॉक्सीवर जेलकोट, म्हणजे फायबरच्या बोटीचा नेहमीचा चकचकीत वरचा थर, धरत नाही, तिथं दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग लावा.

पावसाळ्यात बोट पालथी, घोड्यांवर, जमिनीपासून हातभर वर. पालथी करणं जमत नसेल तर नाक उंच करून बूच काढून ठेवा आणि ते बूच बोटीलाच दोरीनं बांधा. सप्टेंबरात बोट पाण्यात उतरवायच्या आधी पेचकसाची मूठ घेऊन फळी पुन्हा ठोका, विशेषतः बुचाच्या आजूबाजूला वीतभर.