गळ माशानं गिळला तर
कोल्हापुरातून गगनबावड्याचा घाट उतरून देवगडला गळ टाकायला जाणाऱ्यांची नेहमीची अडचण: वीतभर तांबोशी सोडून द्यायची असते, पण गळ पार घशात. पक्कड घालून ओढला की कल्ल्यातून रक्त, आणि मासा गेलाच.

ओढूच नका. हात ओले करा, मासा पाण्यातच धरा. तंगूस गळाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ कापा. किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर पुरतं. तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपटीचा जोर हाताला लागला की सोडा.

गळ साधा पोलादी घ्या, स्टेनलेस नको. साधा गंजून झिजतो (माझ्या डब्यातले न धुतलेले तर घरी येईतो तांबडे होतात!).

शिंगाळा असेल तर जपून, काटे विषारी असतात.