पेटीवर कोणी काय लिहिलंय, ते शोधताना

माझे बाबा गिरगावात आमच्या चाळीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. रेडिओवर जुनं ध्वनिमुद्रण लागलं की कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "बघ, साथीला सारंगी आहे, पेटी नाही. आमच्या तरुणपणी आकाशवाणीवर पेटीला बंदी होती." ती बंदी कोणी घातली, का घातली, हे त्यांना नीट सांगता यायचं नाही. ते गेल्यावर मी ते शोधायला बसले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते, डेटाबेस रोज हाताळते, तरी पहिले चार दिवस माझ्या हाती धड काही लागलं नाही. पुढे जे जमलं ते आता संगीतात एमए, पीएचडी करणाऱ्या मुलांना समोर बसवून शिकवते. तेच इथे लिहिते आहे.

संगणक सुरू करण्याआधी एक कोरं पान घ्या. मधोमध विषय लिहा आणि त्याला जगात कोणकोणत्या नावांनी हाक मारतात ती सगळी नावं भोवती लिहा. माझ्या पानावर मधोमध 'पेटी' होतं. भोवती बाजा, हार्मोनियम, पायपेटी, ऑर्गन. मग सूचीकार वापरतात ते शब्द: 'रीड ऑर्गन', 'फ्री रीड'. मग रेडिओची नावं: ऑल इंडिया रेडिओ, त्याचं आद्याक्षरी रूप, आकाशवाणी, नुसतं ब्रॉडकास्टिंग. मग वादाचं मूळ. पेटीचे सूर ठरीव असतात, त्यात श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, नेमकी लागत नाही आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, हा पेटीवरचा जुना आक्षेप. म्हणून श्रुती, 'इंटोनेशन', 'टेम्परामेंट' हेही शब्द पानावर आले. हे पान भरायला अर्धा तास लागतो. मुलं कंटाळतात, पण मी हे पान भरल्याशिवाय कोणाला माउसला हात लावू देत नाही.

स्पेलिंगचं प्रकरण आपल्या विषयांत फार मोठं आहे. गेल्या वर्षी नालासोपाऱ्याहून एक मुलगी यायची, लावणीवर काम करणारी. म्हणाली, "मॅडम, लावणीवर इंग्रजीत काहीच नाहीये." मी तिला लावणी रोमन लिपीत लिहायला सांगितलं. तिने मध्ये व्ही घातला. मी म्हटलं, आता डब्ल्यू घालून बघ. मग एनच्या आधीचा ए काढून बघ. मग शेवटी आयऐवजी डबल ई. पोवाड्याचंही तसंच: कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू, कोणी सुरुवातच 'पवाडा' अशी करतो. परदेशी अभ्यासक ए वर आडवी रेघ देतात, णसाठी एनखाली टिंब देतात. काही डेटाबेस ती चिन्हं आपोआप दुर्लक्षितात, काही नाही, म्हणून चिन्हांसकट आणि चिन्हांविना दोन्ही करून बघायचं. ही सगळी रूपं एकाच कंसात, प्रत्येकामध्ये 'ऑर' लिहून टाकायची. 'ऑर' कॅपिटलमध्ये लिहा, काही ठिकाणी त्याने फरक पडतो.

आता कुठे शोधायचं. संगीतासाठी खास असा सगळ्यात मोठा डेटाबेस म्हणजे रिल्म. बॅरी ब्रूक यांनी तो 1966 मध्ये सुरू केला, कचेरी न्यूयॉर्कला. जगभरच्या अनेक भाषांतल्या संगीतविषयक लेखनाची, म्हणजे लेख, पुस्तकं, पुस्तकांतली प्रकरणं, प्रबंध यांची नोंद त्यात असते आणि बहुतेक नोंदींना सारांश जोडलेला असतो. नावं सारखी वाटतात म्हणून सांगते: रिझम वेगळा, तो जुन्या हस्तलिखितांचा आणि छापील संगीताचा, रिपम वेगळा, तो जुन्या संगीतविषयक नियतकालिकांचा. तुम्हाला आधुनिक संशोधन हवं असेल तर रिल्म. त्याला वर्गणी लागते. तुमच्या कॉलेजची किंवा विद्यापीठाची आहे का, घरून लॉगिन मिळतं का, हे ग्रंथपालांना थेट विचारा. विचारायला लाजू नका, ते आमचं कामच आहे.

दुसरा जेस्टॉर, सगळ्याच विषयांच्या संशोधन-नियतकालिकांचा डेटाबेस. यात लेख पूर्ण असतात. ज्यांच्यामागे कोणतीच संस्था नाही त्यांनाही स्वतःचं मोफत खातं उघडून महिन्याला 100 लेख पडद्यावर वाचता येतात. डाउनलोड मात्र होत नाहीत. शिवाय बऱ्याच नियतकालिकांचे शेवटच्या तीन ते पाच वर्षांचे अंक तिथे नसतात, त्यामुळे ताजं लेखन नाही म्हणून लगेच निराश होऊ नका.

या दोघांतला एक फरक समजला की निम्मं काम झालं. रिल्मची मूळ सूची शोधता तेव्हा संगणक फक्त शीर्षक, सारांश आणि विषयशीर्षकं तपासतो, सबंध लेख तपासत नाही. म्हणून तिथे मोठे, ढोबळ शब्द टाकायचे: 'हार्मोनियम अँड इंडिया'. जेस्टॉरमध्ये लेखातला प्रत्येक शब्द तपासला जातो, अगदी तळटिपा आणि जाहिरातीसुद्धा. तिथे नुसतं हार्मोनियम टाकलंत तर पूर येतो. माझ्या पहिल्या चार दिवसांत हेच झालं. युरोपात हार्मोनियमसाठी भरपूर संगीत लिहिलं गेलंय, सेझार फ्रांक, कार्ग-एलर्ट अशा रचनाकारांनी. माझ्यासमोर तेच येत राहिलं, आणि चर्चमधल्या वादनाची परीक्षणं. आमच्या पेटीचा पत्ता नाही.

तिथे उपाय म्हणजे शब्द जवळजवळ बांधणं. जेस्टॉरमध्ये दोन शब्द अवतरणचिन्हांत लिहायचे आणि पुढे लगेच तरंगचिन्ह (~) व आकडा द्यायचा, समजा 10. मग ते दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असतील तेच लेख येतात. मी 'हार्मोनियम रेडिओ' असं बांधलं आणि यादी एकदम वाचण्याजोगी झाली. एब्स्को या डेटाबेस पुरवणाऱ्या सेवेवरून रिल्म वापरत असाल तर दोन शब्दांच्या मध्ये एन आणि त्याला चिकटून आकडा लिहायचा, काम तेच. शब्दाच्या शेवटी तारका दिली की त्याची पुढची रूपंही येतात. 'ब्रॉडकास्ट'ला तारका लावा, ब्रॉडकास्टिंग आणि ब्रॉडकास्टर दोन्ही सापडतील. तारका फार लवकर देऊ नका. 'राग'च्या रोमन रूपातल्या पहिल्या तीन अक्षरांनंतर दिलीत तर रॅगटाइमही येईल.

संपूर्ण वाक्प्रयोग अवतरणात टाकताना जपून. मला जो लेख हवा होता तो मॅट राहाइम यांचा, पेटी आणि तिच्याभोवतीचं राजकारण यावरचा, 2011चा. त्याच्या शीर्षकात 'बॅन' (बंदी) आणि 'बेन' (पीडा) या दोन इंग्रजी शब्दांची कोटी आहे, शेवटचं अक्षर कंसात टाकून केलेली. मी अवतरणात 'बॅन ऑन हार्मोनियम' शोधत होते. तसं शीर्षक नाहीच, तर सापडणार कुठून? आणि तो छापून आला 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये, संगीताच्या नियतकालिकात नाही. मी मात्र डावीकडच्या फिल्टरमध्ये 'म्युझिक' विषयावर टिकमार्क करून ठेवला होता. मीच दार लावून घेतलं होतं.

म्हणून माझं ठाम मत: भारतीय संगीतावर शोधताना विषयाचा फिल्टर अगदी शेवटी लावा, किंवा लावूच नका. आपल्या संगीतावरचं कितीतरी चांगलं लेखन समाजशास्त्र, इतिहास, धर्म, नाटक यांच्या नियतकालिकांत विखुरलेलं आहे. लावणीवाल्या त्या मुलीला जे हवं होतं तेही असंच निघालं. शर्मिला रेगे यांचा लावणी आणि पोवाड्यावरचा लेख 2002 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. साप्ताहिक आपल्या मुंबईतूनच निघणारं, आणि पोरगी शोधत होती संगीताच्या कप्प्यात. तो लेख उघडला तेव्हा तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं पान तिथेच, माझ्या टेबलावर वाचून काढलं.

एक चांगला लेख सापडला की शोधचौकट बाजूला ठेवा. आता त्या लेखालाच धरून दोन दिशांना जायचं. मागे जायचं तळटिपांतून. बंदीच्या वादात जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराचा 1938चा लेख महत्त्वाचा आहे, तो रेडिओच्याच 'इंडियन लिसनर' पत्रिकेत आला होता. तेव्हाचे रेडिओप्रमुख लायनेल फील्डन, पेटीला विरोध करणारे रवींद्रनाथ टागोर, 1940 मध्ये लागू झालेली बंदी आणि 1971 मध्ये ती अंशतः उठणं: ही नावं आणि सालं हाताशी आली की ती परत माझ्या त्या कागदावर गेली आणि नवे शोधशब्द झाली. फील्डनचं नाव हार्मोनियमला जोडल्यावर जे आलं ते नुसत्या हार्मोनियमने कधीच आलं नसतं. पुढे जायचं गूगल स्कॉलरमधून. लेखाच्या नावाखाली 'साइटेड बाय' दिसतं, त्यावर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला ते समजतं. शेजारी 'ऑल व्हर्जन्स' असतं. तेही उघडा. मी एकदा प्रकाशकाच्या साइटवर कार्डाने पैसे भरून लेख घेतला आणि आठवड्याने तोच लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर मोफत दिसला. तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी नेहमी तिथे बघते.

रिल्ममधली नोंद उघडलीत की सारांशाखाली विषयशीर्षकं असतात. त्यावर टिचकी मारा. तुम्ही जो शब्द कधी सुचवला नसता तो सूचीकाराने वापरलेला असतो, आणि त्या शब्दाखाली सगळी भावंडं एकत्र सापडतात. परीक्षणं वगळू नका. पुस्तक मिळत नसेल तर त्याची दोन परीक्षणं वाचून ते मागवायचं की नाही हे ठरवता येतं.

प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहे, विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं. यूजीसीच्या 2009च्या नियमांपासून पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात जमा होऊ लागले. तिथला शोध थोडा हट्टी आहे. मराठी प्रबंधाचं नाव कधी देवनागरीत भरलेलं असतं, कधी रोमनमध्ये, म्हणून दोन्ही करा. प्रत्येक प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. त्यातली संदर्भसूची सगळ्यात आधी उघडा. एखाद्याने चार-पाच वर्षं खपून गोळा केलेली यादी तुम्हाला दोन मिनिटांत मिळते, आणि त्यात मराठी पुस्तकं असतात. परदेशी डेटाबेसमध्ये ती क्वचित दिसतात. प्रबंधाचा दर्जा मात्र स्वतः पारखा.

नोंदी कशा ठेवता हे मी फार काटेकोरपणे बघते, कारण मला त्याचा फटका बसलाय. एका डेटाबेसमधले चाळीसेक लेख मी पत्त्याच्या पट्टीतली लिंक कॉपी करून वहीत जपले होते. आठवड्याने एकही उघडेना. ती लिंक त्या दिवसाच्या लॉगिनपुरती होती. पानावर 'परमलिंक' किंवा 'स्टेबल' असं लिहिलेली लिंक, नाहीतर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, तेवढंच घ्यायचं. सोबत तारीख, डेटाबेस, नेमके काय शब्द टाकले आणि किती निकाल आले ते लिहायचं. काही सापडलं नाही तरी लिहायचं, नाहीतर महिन्याने तेच शब्द घेऊन पुन्हा त्याच भिंतीशी जाता.

आणि मग संगणक बंद करून बाहेर पडायचं. पेटीवर, नाट्यसंगीतावर मराठीत जे लिहिलं गेलं ते दिवाळी अंकांत, गौरवग्रंथांत, संस्थांच्या स्मरणिकांत आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' हे मासिक 1947 पासूनचं. यातलं फारच थोडं रिल्मपर्यंत पोचलंय. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं ग्रंथालय आहे, कलिन्याला विद्यापीठाचं. जाण्याआधी फोन करून वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारा, कॉलेजचं पत्र बरोबर ठेवा. नुसतं "पेटीवरचं काही आहे का" असं विचारू नका. डेटाबेसमधून निघालेली नावं आणि सालं त्या कागदावर असतात, तोच कागद पुढे करा. 1938 ते 1940 आणि 1970-71, एवढीच सालं सांगितली तरी कोणते बांधीव खंड काढायचे हे तिथल्या माणसाला लगेच उमगतं.

मी तसेच खंड मागवले होते. पानं पिवळी, कडा मोडायला आलेल्या, म्हणून हळू उलटायची आणि टिपणं पेन्सिलीने काढायची. बाबांना जे सांगता येत नव्हतं त्यातलं बरंचसं आता माझ्या वहीत आहे. त्यांच्या पेटीचा भाता मी मागच्या महिन्यात दुरुस्त करून घेतला.