घरापुढच्या बागेचा आराखडा: रोपं शेवटी, आधी ऊन आणि पाणी

रो-हाउसचा किंवा बंगल्याचा ताबा मिळाला की पहिल्याच रविवारी नर्सरी गाठायची, डिकीत मावतील तेवढी फुललेली रोपं आणायची आणि कुंपणाच्या कडेनं ओळीत लावून टाकायची, असंच बहुतेक जण करतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली बरीच वाळतात. जगतात ती एकमेकांच्या डोक्यावर चढतात. म्हणून रोपं अगदी शेवटी आणा. समजा घरापुढे २० बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे आणि हवामान पुणे-नाशिककडचं आहे, तर सुरुवात अशी करा.

आलेख कागद घ्या आणि एक चौकोन म्हणजे एक फूट धरा. त्यावर फाटक, नळ, ड्रेनेजचं चेंबर, पाण्याची टाकी, खिडक्या आणि आधीपासून असलेलं झाड दाखवा. मग सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावली कुठे पडते ते पेन्सिलीनं रंगवा. इथे एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे हिवाळ्यातलं ऊन. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे २० फूट उंच घराची सावली उत्तरेला सुमारे १८ फूट जाते. म्हणजे घर उत्तरमुखी असेल तर घरापुढची जवळजवळ सगळी जागा थंडीत सावलीत आणि मे महिन्यात रणरणत्या उन्हात. अशा ठिकाणी गुलाब-मोगऱ्याचा हट्ट सोडा. तगर, अनंत, कुंती, स्पायडर लिली ही मंडळी निभावून नेतात. मोगरा, जास्वंद आणि लिंबाला रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशीच जागा द्या.

आता पायवाट. कागदावर ती नेहमीच देखणी दिसते. प्रत्यक्षात माणसं आखलेल्या वाटेनं न जाता जवळच्या वाटेनं जातात. जमिनीवर फक्कीनं वाट आणि वाफे आखा, वळणदार रेघ हवी असेल तर पाण्याचा पाइप पसरून ती ठरवा आणि आठवडाभर तशीच वापरा. स्कूटर कुठून वळते, कपडे वाळत घालायला कोण कुठून जातं, हे दिसेलच. रुंदी तीन फूट ठेवा, म्हणजे मोठी कुंडी उचलून नेता येते. शहाबादी फरशी सिमेंटमध्ये न बसवता चार बोटं कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, टाकून त्यावर मांडा, दोन फरशांत बोटभर फट राहू द्या. पाऊस तिथेच मुरतो. अंगण सरसकट काँक्रीट करण्याला माझा ठाम विरोध आहे. उतार मात्र घरापासून बाहेर हवा, दर १० फुटांना दोन-अडीच इंच. गवंड्याकडच्या लेव्हल पाइपनं तो पाच मिनिटांत तपासता येतो.

मातीचं खरं दुखणं पुढे आहे. नव्या बांधकामाच्या अंगणात वर चार इंच लाल माती असते आणि खाली विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, मुरूम. फूटभर खड्डा खणून पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही साचलेलं असेल तर निचरा नाही. मग गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच उचललेले वाफे, करा. राडारोडा काढून माती आणायची तर हिशोब सोपा आहे: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे १०० चौरस फुटांवर फूटभर थर. दोन घमेली मातीला एक घमेलं शेणखत पुरतं, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणखतातून हुमणीची अळी येते आणि मुळं कुरतडते.

एवढ्या जागेत मोठं झाड एकच लावा, आणि शक्य असेल तर पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडेल. पारिजातक, कढीपत्ता, लिंबू किंवा सोनचाफ्याचं कलम यांतून निवडा. वड-पिंपळ भिंतीजवळ नकोत. सप्तपर्णी बेडरूमच्या खिडकीशी नको, कारण दिवाळीच्या सुमारास रात्री तिच्या फुलांचा उग्र वास डोकं उठवतो. निवड विचारपूर्वक करा, कारण शहरी भागात १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

खड्डा एप्रिल-मेमध्ये दोन-दोन फुटांचा खणून उन्हात तापू द्या. माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरा आणि एक-दोन चांगले पाऊस झाले की लावा. पिशवी फाडून काढा, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, काठीचा आधार द्या. आळं करून त्यात पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवू नका.

झुडपं लावताना आजचं रोप बघू नका, दोन वर्षांनंतरचा घेर बघा. जास्वंद सहज चार फूट पसरते, आणि लोक ती दीड फुटावर लावतात! उंच मागे, बुटकी पुढे, आणि दहा जातींची एकेक आणण्यापेक्षा एका जातीची तीन-तीन एकत्र. डोळ्याला ते फार बरं वाटतं. लॉन मात्र टाळा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीत हिरवळ पोसणं परवडत नाही. त्याऐवजी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वळवून नळाच्या कडेला अळू, कर्दळ, एखादी केळ लावा. कोकणात परसदारी हेच करतात.

पहिल्या वर्षी बाग मोकळी-मोकळी दिसेल. त्या फटी भरायला जूनमध्ये तेरड्याचं बी फेका, दसऱ्यासाठी जुलैत झेंडू लावा. जास्वंदी पसरत गेल्या की दरवर्षी तेवढा तेरडा कमी करा.