नववीच्या वर्गात चित्रकथी कशी घ्यायची: चित्र आणि गाणं एकाच तासाला

आपल्या बहुतेक शाळांत चित्रकलेचा तास वेगळा असतो आणि नाच-गाणं-नाटक आठवतं ते गॅदरिंग जवळ आलं की. त्यामुळे ज्याचा हात चांगला तो चित्र काढतो, ज्याचा गळा चांगला तो गातो आणि मधली चाळीस पोरं बघत बसतात. मला हे फार खटकतं, आणि त्यावर सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चित्रकथी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात पिंगुळी गाव आहे, तिथल्या ठाकर समाजाची ही कला. सुट्ट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले असतात, त्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि सांगणारा एकेक चित्र समोर धरून गात गात गोष्ट सांगतो, साथीला वीणा, टाळ, हुडूक (डमरूच्या आकाराचं वाद्य). सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. वर्गात पहिल्याच दिवशी ही माहिती नावागावासकट सांगा, कारण आपण एका समाजाची पिढ्यान्पिढ्या जपलेली गोष्ट हातात घेतोय, हे पोरांना कळलं पाहिजे. व्हिडिओ दाखवा, पण दहा मिनिटंच, आणि बघताना एकच प्रश्न द्या: चित्र बदलतं तेव्हा आवाजाचं काय होतं?

आता प्लॅन. मी ६० मुलांचा वर्ग धरतोय, ८ पिरियड. हेडसरांना किंवा मॅडमना आधीच भेटून जोडतास मागून घ्या, ३५ मिनिटांत रंग काढून परत धुवून ठेवण्यातच वेळ जातो. ७-८ मुलांचे ८ ग्रुप करा आणि ग्रुप तुम्हीच पाडा, दोस्तांचे नकोत. प्रत्येक ग्रुपला ६ चित्रं, म्हणजे ४८ कागद, फुल ड्रॉइंग शीट मधोमध कापली की २४ शीटमध्ये काम होतं. रंग पोस्टर कलरच घ्या, वॉटर कलर लांबून फिके दिसतात.

गोष्ट पोरांनाच आणू दे. आजीकडून ऐकलेली, गावातल्या विहिरीची, देवळाची, पुराच्या वर्षाची, काहीही चालेल, फक्त टीव्हीवरची नको. मग ती गोष्ट ६ वाक्यांत सांगायला लावा, आणि प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे. "राजू दुःखी होता" याचं चित्र निघत नाही, "राजूने दप्तर फेकलं" याचं निघतं. या पायरीवर मी पूर्ण दोन पिरियड देतो आणि घाई अजिबात करत नाही, कारण इथं गोष्ट कच्ची राहिली तर पुढे रंगही वाचवत नाहीत आणि गाणंही वाचवत नाही.

चित्र काढताना पिंगुळीच्या चित्रांकडे बघायचं. चेहरे बहुतेक बाजूने दाखवलेले, डोळे मोठे, अंगविक्षेप ठळक. नक्कल करायची नाही पण युक्ती घ्यायची. माणूस कागदाच्या निम्म्या उंचीपेक्षा लहान नको, मागे डोंगर-सूर्य-नारळाचं झाड भरायचं नाही, सपाट रंग आणि शेवटी काळी आउटलाइन. हात काय करतायत ते नीट दिसलं पाहिजे. कच्चं पेन्सिलचं चित्र झालं की फळ्यापाशी धरा आणि शेवटच्या बेंचवरच्या मुलाला विचारा काय चाललंय. त्याला सांगता आलं नाही तर परत काढायचं, रंग नंतर. जी पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतायत त्यांना स्मरणचित्राची प्रॅक्टिसही इथेच होते, हे पालकांना आवर्जून सांगा, मग "अभ्यास सोडून हे काय" असं कुणी म्हणत नाही.

आता आवाज. इथं बरेच शिक्षक घाबरतात की मला गाता येत नाही. नाही आलं तरी चालतं! ओवीची चाल प्रत्येक वर्गात दोन-चार पोरांना घरून माहीत असते, त्यांच्याकडून सगळ्यांनी शिकायची, साडेतीन चरणांत बसवलं की मजकूर आपोआप छोटा होतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखं बाकीच्यांनी शेवटची ओळ उचलायची, म्हणजे लाजणाऱ्या मुलालाही घोळक्यात तोंड उघडता येतं. टाळ गावातल्या भजनी मंडळाकडे मागा, नाहीच मिळाले तर बेंच आहेतच. सिनेमाच्या गाण्याची चाल मात्र घेऊ देऊ नका, पोरं मग गोष्ट विसरून ते गाणंच म्हणत बसतात.

एक गोष्ट मी चूक करून शिकलो. सुरुवातीलाच तू चित्र काढ, तू गा असं वाटून दिलं की गाणारी पोरं ब्रशला हातच लावत नाहीत. म्हणून पाचव्या पिरियडपर्यंत कुणालाच रोल देत नाही. सगळे रंगवतात, सगळे म्हणतात, मग ठरतं कोण सांगणार, कोण चित्र धरणार. आणि चित्र धरणं हे हलकं काम नाही हां, कधी उलटायचं, बोट कुठे ठेवायचं, स्वतःचं तोंड झाकलं जाऊ नये, यावर अख्खा प्रसंग उभा राहतो. चित्र आधी दाखवून दोन सेकंद गप्प राहायचं आणि मग बोलायचं, एवढं एक जरी जमलं तरी वर्ग शांत होतो.

रिहर्सलला हातातला गोष्ट लिहिलेला कागद काढून घ्या. अडखळू देत, चित्र समोर असतं त्यामुळे गोष्ट आठवतेच.

सादरीकरण ५-५ मिनिटांचं, शेवटच्या दोन पिरियडमध्ये आठही ग्रुप होतात. श्रेणी देताना मी चित्राची सफाई बघत नाही, तीन गोष्टी बघतो: मागच्या बेंचला गोष्ट कळली का, चित्र आणि आवाज एकमेकांना धरून होते का, आणि ग्रुपमधला कुणी बाजूला तर पडला नाही ना. शेवटचं बघायला अवघड वाटेल, पण आठ पिरियड फिरत राहिलात तर डोळ्यांना दिसतंच.

नंतर चित्रं भिंतीला चिकटवू नका, सेलोटेपने वाट लागते. प्रत्येक ग्रुपची पोथी बांधा, वर गोष्टीचं नाव आणि मागे सगळ्या मुलांची नावं लिहा, लायब्ररीच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात जाऊन याच पोरांना परत सांगायला लावा, शिक्षकाने मागे बसून फक्त ऐकायचं.