डब्यातली सर्जरी: हात घरी कसा बसवायचा आणि त्यातूनच थीसिस कसा काढायचा

एमएस सर्जरीला ॲडमिशन झाली की घरचे पेढे वाटतात, आणि आपण पहिले सहा महिने वॉर्डात ड्रेसिंग, कॅथेटर, ब्लडचे फॉर्म आणि हरवलेले रिपोर्ट शोधणं एवढंच करत असतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गेलो तर जखम उघडी ठेवायचा रिट्रॅक्टर धरून उभं राहायचं, आणि दुर्बिणीची केस (पोटाला छोटी भोकं पाडून स्क्रीनवर बघत करायचं ऑपरेशन) असेल तर कॅमेरा धरायचा आणि हलला म्हणून बोलणी खायची. मग एक दिवस अचानक सर म्हणतात, "घे रे, जरा सोल." माझ्या हातात असा पहिल्यांदा मेरीलँड, म्हणजे टिश्यू सोलायचा लांब दांडीचा चिमटा, आला तेव्हा मी हात उजवीकडे नेला आणि स्क्रीनवर टोक डावीकडे गेलं, मी घाबरून वर नेला तर ते खाली गेलं, मागून भूल देणाऱ्या मॅडम हसल्या आणि दीड मिनिटात इन्स्ट्रुमेंट काढून घेतलं गेलं. पेशंटला काही झालं नाही, माझं मात्र आठवडाभर तोंड पडलेलं होतं.

यात माझ्या अकलेचा काही दोष नव्हता बरं का. पोटाच्या भिंतीत जिथून नळी जाते तो बिंदू स्थिर असतो, त्यामुळे होडीच्या वल्ह्यासारखं होतं, हात इकडे की टोक तिकडे. वर स्क्रीन सपाट, म्हणजे खोली कळत नाही, आणि ३० सेंटिमीटरपेक्षा लांब दांडीतून टिश्यूचा स्पर्शही धड पोचत नाही. मेंदूला हे सगळं नव्याने शिकावं लागतं. ते शिक्षण पेशंटच्या पोटात का करायचं, एवढाच प्रश्न आहे. पोटाऐवजी घरी बनवलेला, भोकं पाडलेला कॅमेऱ्याचा डबा वापरायचा, तेच इथे सांगतोय.

भाजीवर हात बसवायची आयडिया आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा नववा अध्याय अख्खा यावरच आहे. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर छेद घ्यायला शिका, मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर वेध करा, जाड कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडा शिवा, कापडी माणसावर पट्ट्या बांधा. शास्त्र सगळं पाठ असलं तरी हे केलं नसेल तर माणूस कामाला लायक नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आधी दोरा, मग डबा

डबा बनवायच्या आधी महिनाभर नुसत्या गाठी मारा. कपाटाच्या हँडलला, खुर्चीच्या दांडीला, ॲप्रनच्या काजाला दोरा बांधायचा आणि मेसमध्ये डाळ येईपर्यंत मारत बसायचं. उजव्या हाताची एकहाती गाठ जमली की लगेच डाव्या हाताची सुरू करा, कारण नंतर कंटाळा येतो. आणि गाठ आडवी सपाट बसतेय ना ते थांबून बघा, भराभर मारलेल्या दहा सरकत्या गाठींपेक्षा दोन नीट गाठी बऱ्या. टाक्यांसाठी केळ्याचं साल मस्त, जरा जास्त ओढलं की फाटतं, म्हणजे चूक लगेच दिसते. त्यानंतर सालीसकट कोंबडीची तंगडी, आणि आतडं जोडायचं असेल तर मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, बोकडाचं आतडं धुऊन देतो तो. जोडून झालं की एक टोक बांधून दुसऱ्याकडून सिरिंजने पाणी भरा, कुठून गळतंय ते आपोआप कळतं, सरांनी सांगायची गरज नाही. सुया मोजून शार्पच्या डब्यात टाका, हॉस्टेलच्या कचऱ्यात नाही, झाडायला येणाऱ्या मावशींच्या हाताला लागतात.

डबा

कॉलेजात स्किल लॅब असेल तर उत्तमच. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे होती, आणि लाखो रुपयांचा सिम्युलेटर प्लॅस्टिकच्या कव्हरात झाकलेला होता, लॅबला कुलूप आणि चावी ज्या मामांकडे असायची त्यांची ड्युटी आमच्या सुट्टीच्या वेळी संपायची. म्हणून डबा.

कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा अपारदर्शक डबा घ्या, झाकणावर वीतभर अंतरावर दोन भोकं पाडा, त्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरसाठी मिळतात ते रबरी ग्रोमेट बसवा, म्हणजे दांडी एका जागी फिरते, सरकत नाही. दोन भोकांच्या मधे पुढच्या बाजूला आतून वेबकॅम चिकटवा, बाजूने एलईडीची पट्टी, आणि वायर लॅपटॉपला. मोबाइलचा कॅमेरा वायफायवरून लावू नका, चित्र किंचित उशिरा येतं आणि हात चुकीचा शिकतो. दोन्ही दांड्यांची टोकं आत जिथे भेटतात तिथे साधारण ६० अंशांचा कोन यायला हवा, तो फार कमी झाला तर दांड्या एकमेकींवर आपटतात, तलवारबाजी नुसती. स्क्रीन डोळ्यांसमोर किंवा जरा खाली ठेवा, आणि टेबल एवढं खाली घ्या की हँडल कोपराच्या उंचीला येईल. पहिल्याच आठवड्यात माझे खांदे भरून आले होते ते फक्त उंच टेबलामुळे.

इन्स्ट्रुमेंट विकत घेऊ नका लगेच. ओटीच्या सिस्टरना नीट विचारलं तर कंडम झालेला ग्रास्पर (पकडायचा चिमटा), बोथट कात्री, सैल झालेला नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) मिळतो, मुदत संपलेले दोरेही मिळतात. रजिस्टरला नोंद करून घ्या, आणि डब्यातलं इन्स्ट्रुमेंट परत ओटीत कधीही जाऊ द्यायचं नाही, त्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा.

काय करायचं डब्यात

नवीन काही शोधायची गरज नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तयार झालेल्या व्यायामांवरून अमेरिकेत एफएलएस नावाची दुर्बिणीच्या सर्जरीची परीक्षा आली, त्यात पाच कामं आहेत, आणि तिथे २००९-१० पासून ती पास झाल्याशिवाय सर्जरीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण कामं तर फुकट आहेत! सुरुवातीला तीनच घ्या.

पहिलं, सहा रबरी तुकडे डाव्या हाताने उचलायचे, हवेतच उजव्या हातात द्यायचे, पलीकडच्या खुंटीवर ठेवायचे, सगळे झाले की उलट परत. लाकडी फळीवर खिळे ठोकले की झालं. दुसरं, गॉजवर मार्करने गोल काढून रेषेवरून कापायचा. इथे खरी गंमत डाव्या हातात आहे, ताण नीट दिला तर कात्री आपोआप चालते. तिसरं, आतल्या आत टाका घालून गाठ. ग्लोव्हच्या बोटाला चीर पाडायची, दोन्ही बाजूंना एकेक ठिपका, १५ सेंटिमीटर दोरा, पहिला वेढा दुहेरी, मग दोन एकेरी, दर वेढ्याला हात बदलून. हे महिनाभर रडवतं, रडवू द्या.

टार्गेट काय? तज्ज्ञांच्या वेळेवरून ठरवलेले आकडे आहेत: तुकड्यांना ४८ सेकंद, गोलाला ९८ सेकंद आणि कट रेषेपासून २ मिलिमीटरच्या आत, आतल्या गाठीला ११२ सेकंद. माझा पहिल्या दिवशीचा तुकड्यांचा वेळ होता साडेतीन मिनिटं, आणि दोन तुकडे डब्याच्या कोपऱ्यात गायब.

आणि रविवारी एकदम सहा तास बसू नका. टोरांटोत ३८ ज्युनिअर रेसिडेंट (सर्जरी शिकणारे डॉक्टर) घेऊन एक अभ्यास झाला, २००६ साली छापून आला. बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचं तेवढंच ट्रेनिंग एका गटाला एकाच दिवसात दिलं आणि दुसऱ्याला आठवड्याला एक असं चार वेळा. महिन्याने तपासलं तर चार आठवड्यांत शिकलेला गट पुढे होता. म्हणून रोज २० मिनिटं, आणि नाइट ड्युटी असेल तर सोडून द्या. किंवा नका सोडू, त्याचं पुढे सांगतो.

वही

लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच करत नाहीत. प्रत्येक प्रयत्न लिहा. तारीख, किती वाजता, कुठलं काम, कितवा प्रयत्न, किती सेकंद, किती पडले, त्याआधी किती तास झोप. वाईट प्रयत्न खोडायचा नाही. वहीत लिहून आठवड्याने स्प्रेडशीटमध्ये टाका, एका प्रयत्नाला एक ओळ, एका रकान्यात एकच गोष्ट, "४८ से., १ पडला" असं एकाच खणात कोंबू नका, नंतर स्टॅटिस्टिक्सवाले मॅडम परत पाठवतात.

दोन महिन्यांनी आलेख काढला तर दिसेल की वेळ सुरुवातीला धपकन उतरतो आणि मग सपाट होतो. माझ्या आलेखात सपाट झाल्यावरही मधेच सुळके होते, आणि वही उघडून बघितली तर बहुतेक सुळके नाइटनंतरच्या सकाळचे. आता हे खरं होतं की मला तसं वाटत होतं? तर हा झाला थीसिसचा प्रश्न. आपल्याकडे बहुतेकांचा विषय गाइडच्या जुन्या यादीतून येतो, "अमुक हॉस्पिटलमधील हर्नियाचा अभ्यास" वगैरे, आणि तीन वर्षांनी स्वतःलाच आठवत नाही त्यात काय होतं.

प्रश्नाचा थीसिस

एका वाक्यात लिहा: रेसिडेंटला नाइट ड्युटीनंतर तुकडे हलवायला झोप झालेल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो का? कोण, काय, कशाशी तुलना, काय मोजणार, सगळं आलं.

मग किती लोक लागतील. समजा १० सेकंदांचा फरक महत्त्वाचा मानला आणि माणसामाणसातला फरक म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन २० सेकंद आहे. झोपलेले वेगळे आणि न झोपलेले वेगळे असे दोन गट केले तर नेहमीच्या ८० टक्के पॉवरला (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) एका गटात ६३, म्हणजे १२६ रेसिडेंट लागतात, एवढे सर्जरीचे रेसिडेंट कुठल्या कॉलेजात आहेत! पण त्याच माणसाला दोन्ही दिवशी तपासलं तर माणसामाणसातला फरक मधून निघून जातो, फरकाचं डेव्हिएशन समजा १५ आलं तर १८ मध्ये काम भागतं. गळती धरून २२ घ्या. मात्र यात एक खड्डा आहे, दुसऱ्या वेळी माणूस सरावानेच सुधारतो. म्हणून आधी सगळ्यांचा आलेख सपाट होईपर्यंत सराव, आणि मग चिठ्ठ्या टाकून निम्म्यांची आधी नाइटनंतरची टेस्ट, निम्म्यांची आधी झोपेनंतरची.

छोटा अभ्यास म्हणून लाजायचं कारण नाही. येलमधला सिम्युलेटरवरचा गाजलेला अभ्यास २००२ चा, त्यात रेसिडेंट होते फक्त १६. निम्म्यांनी तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत सिम्युलेटरवर सराव केला, मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटमध्ये पित्ताशय लिव्हरपासून सोडवलं, आणि व्हिडिओ तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला ते माहीत नव्हतं. सराव केलेले २९ टक्के लवकर आटोपले, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होणं किंवा नको तिथे जळणं याची शक्यता पाचपट निघाली. संख्या लहान पण डिझाइन घट्ट. तुम्हीही व्हिडिओ डब्याच्या आतलाच घ्या, फाइलला नाव न देता नंबर द्या, आणि दोन तपासनीस वेगवेगळे बसवा.

एथिक्स कमिटीला हे किरकोळ वाटेल असं समजू नका. ज्युनिअर एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे संमती गाइडने न घेता दुसऱ्या कोणी घ्यावी, आणि रिझल्ट इंटर्नल मार्कांना लागणार नाही हे लेखी असावं. चिठ्ठ्या टाकून काही करताय तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी पहिला माणूस घ्यायच्या आधी करा, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी तिथे होत नाही. रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमाने तसाही करायचाच आहे, तो शेवटच्या रात्री व्हिडिओ पळवून संपवू नका, सॅम्पल साइजचं लेक्चर तरी नीट ऐका. आणि कॅलेंडर उलटं मोजा: थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा, मधे तीन महिने डीआरपीला (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमला) जिल्हा रुग्णालयात, म्हणजे डेटा गोळा करायला हातात जेमतेम वर्ष उरतं.

परत ओटीत

डब्यात हात बसला म्हणजे सर्जन झालो असं नाही, रक्त आलं की डब्यातलं काही आठवत नाही. पुढच्या केसला आदल्या रात्री त्याच ऑपरेशनचे दोन व्हिडिओ बघा, आणि पित्ताशयाच्या केसमध्ये कापायच्या आधी कुठे थांबायचं ते तोंडपाठ ठेवा: पित्ताशयात फक्त दोनच नळ्या जाताना दिसल्या पाहिजेत, मधला त्रिकोण साफ, आणि पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सुटलेला. केस झाली की वहीत तीन ओळी. सरांना सांगा की डब्यावर अमुक वेळ येतोय, आकडा दाखवा. "सर मला द्या ना" म्हणण्यापेक्षा आकडा जास्त चालतो, मला तरी दुसऱ्यांदा मेरीलँड त्यामुळेच मिळाला आणि या वेळी पंधरा मिनिटं हातात राहिला.

डीआरपीला डबा सोबत न्या. मी एसटीने नेला होता. वरची भोकं बघून कंडक्टर म्हणाला, "काय हो, आत कोंबडं-बिंबडं नाही ना?"