लग्नानंतरचा मालमत्ता करार: कागद कसे करावेत

लग्नानंतर पतीपत्नींनी एक करार लिहून सह्या केल्या की मालमत्ता सुरक्षित झाली, असा समज पुण्यात बऱ्याच घरांत आढळतो. गोव्यात पतीपत्नींच्या मालमत्तेसाठी वेगळा नागरी कायदा आहे, पण आपल्याकडे हिंदू दांपत्यांसाठी अशा कराराचा स्वतंत्र कायदाच नाही. ‘घटस्फोट झाल्यास पोटगी मागणार नाही’ यासारखी अट तर सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द ठरवणाऱ्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 पुढे सहसा टिकत नाही. म्हणून उद्याच्या भांडणाबद्दल लिहिण्यापेक्षा आज कोणती वस्तू कोणाची, हे पक्के करावे.

सुरुवात फ्लॅटपासून करावी. बाणेरच्या फ्लॅटच्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्यावर, दोघांची नावे असतात, हप्ता एकाच्या पगारातून जातो, सुरुवातीची रक्कम सासऱ्यांनी दिलेली असते आणि हिस्सा किती, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. खरेदीच्या दस्तातच हिस्सा टक्क्यांत नमूद करून घ्यावा. ते राहून गेले असल्यास बँकेचे उतारे वर्षवार जपावेत आणि हिस्सा जोडीदाराला द्यायचा असेल तर बक्षीसपत्र करावे. निवासी घराच्या अशा बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे; त्यावर स्थानिक अधिभार लागतो का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारावे. दोन साक्षीदार आणि नोंदणी यांवाचून हा दस्त वैध नाही, आणि एकदा दिलेले बक्षीस मनात आले म्हणून परत घेता येत नाही, तेव्हा सही सावकाश करावी.

दागिन्यांबाबत आपण फारच निष्काळजी असतो. स्त्रीधन पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केले आहे; पण लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाची पावती हरवली, तर पाटल्या माहेरच्या की सासरच्या, हे कोण सांगणार? प्रत्येक दागिन्याचे वजन, छायाचित्र आणि तो कोणी दिला, याची यादी करून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात.

पतीचा व्यवसाय कर्जावर चालत असेल, तर त्याची नवी आयुर्विमा पॉलिसी घेतानाच 1874 च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे करावी. मग ती रक्कम सहसा धनकोंच्या हाती लागत नाही. बँकेतील ठेव किंवा फ्लॅट यांसाठी केलेले नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, त्यामुळे मृत्युपत्र वेगळे करावेच.

हे सारे संबंध चांगले असताना करावे. 1900 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर पतीने पत्नीला खर्च देण्याचा नोंदणीकृत करार आला होता. पण तो भांडणानंतर झालेला, त्यामागे प्रेम व जिव्हाळा नाही, म्हणून न्यायालयाने तो मानला नाही. मसुदा दाखवताना दोघांनी वेगवेगळे वकील गाठावेत.