सगळेच सांगतात म्हणून खरं? माहिती तपासताना या चुका टाळा

एखादी गोष्ट नेटवर शोधली, पाच ठिकाणी तेच लिहिलेलं दिसलं, की आपल्याला वाटतं, झाली खातरजमा. पाच साक्षीदार मिळाले, आणखी काय हवं? पण ते पाचही जण एकाचंच ऐकून बोलत असतील, तर साक्षीदार एकच उरतो. माझ्या मते नेटवरची फसगत बहुतेकदा इथूनच सुरू होते. किती जण म्हणतात हे आपण मोजतो, त्यांतल्या किती जणांनी स्वतः पाहिलं हे विचारत नाही.

नकलांना पुरावे समजणं

कोआटी हा अमेरिका खंडातला लांब नाकाचा प्राणी. २००८ मध्ये कुणीतरी विकिपीडियावर त्याच्या नावाजवळ 'ब्राझिलियन आर्डवार्क' असं टोपणनाव घातलं. ते मनानेच रचलेलं होतं. पुढे ते वृत्तपत्रांनी उचललं, विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातही ते आलं. मग विकिपीडियावरच्या त्याच ओळीला आधार म्हणून वृत्तपत्रातला लेख जोडला गेला. ज्याने नक्कल केली तोच साक्षीदार झाला! हा प्रकार उघडकीला यायला २०१४ साल उजाडलं. तोवर ज्याने ज्याने हे नाव 'तपासलं', त्याला ते बरोबरच दिसलं असणार.

यावर उपाय वेळखाऊ आहे, पण दुसरा नाही. प्रत्येक लेखाला विचारायचं, 'तुला हे कुणी सांगितलं?' आणि उत्तराचा माग काढत मागे जायचं, जोवर स्वतः पाहणारा, मोजणारा किंवा मूळ कागद हाती असलेला माणूस भेटत नाही तोवर. नक्कल ओळखायच्या खुणा असतात: तीच वाक्यरचना, तोच आकडा, शुद्धलेखनाची तीच चूक. संशयास्पद वाक्य जसंच्या तसं अवतरण चिन्हांत टाकून शोधा आणि सर्वांत जुनी तारीख पाहा. माग 'तज्ज्ञांच्या मते' या शब्दांपाशी संपत असेल, तर साक्षीदार सापडलेलाच नाही.

छायाचित्रांचंही तेच. पूर आलेल्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचं बनावट चित्र वेगवेगळ्या वादळांच्या वेळी, दर वेळी नव्या गावाच्या नावाने फिरलं आहे. चित्रावरून शोध घेण्याची सोय गूगल लेन्समध्ये आहे. जुनं चित्र पुन्हा फिरत असेल, तर ते त्यात बऱ्याचदा सापडतं.

लाइकच्या आकड्याला लोकांचं मत समजणं

'इतके लोक चुकतील का?' असं म्हणणारे इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनचं उदाहरण देतात. एका जत्रेत बैलाचं वजन ओळखण्याची स्पर्धा होती. आलेल्या ७८७ अंदाजांचा मध्य (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज) खऱ्या वजनाच्या एका टक्क्याच्या आत होता, असं त्याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. उदाहरण खरं आहे, पण तिथे प्रत्येकाने आपला अंदाज आपल्या चिठ्ठीवर लिहून दिला होता. नेटवर आपण चिठ्ठी लिहिण्याआधीच इतरांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या असतात.

त्याने काय होतं, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. चौदा हजारांहून अधिक श्रोते, ४८ अनोळखी गाणी. काही श्रोत्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि त्यांना आपापल्या गटात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड केलं गेलं, ते दाखवलं. गाणी तीच असूनही वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर घेतली गेली. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. २०१३ च्या दुसऱ्या प्रयोगात एका संकेतस्थळावरच्या वाचकांच्या प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक अनुकूल मत उगाच दिलं, तर त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. एका मताने!

म्हणून प्रतिक्रिया वाचण्याआधी आपलं मत मनाशी पक्कं करा. मग फक्त तपशिलाने बोलणाऱ्यांकडे लक्ष द्या, कधी वापरलं, काय झालं, कुठे अडलं हे सांगणाऱ्यांकडे. नुसत्या 'अगदी खरं'ला वजन शून्य.

मनाला पटलं म्हणून सोडून देणं

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' हे ठीक, पण मन तरी कुठे कोरं असतं? एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसत आलं आहे. एखादी गोष्ट 'माहीतच आहे' असं वाटलं, की ती कुठून कळली ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर ती आधी तपासा.

शंका असून गप्प बसणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशने १९५० च्या दशकात लोकांना रेघांची लांबी जुळवायला सांगितली. एकटा माणूस जवळजवळ चुकत नसे. पण आधीचे सगळे जण ठरवून एकच चुकीचं उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं गर्दीसारखी चुकीची येत. त्यातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण झपाट्याने उतरे.

तो एक जण ग्रुपमध्ये तुम्ही होऊ शकता. त्यासाठी भांडायची गरज नाही. 'काका, हे मुळात कुठे आलंय? मला सापडलं नाही' एवढं लिहिलं, तरी गप्प बसलेल्या चौघांना धीर येतो. व्हॉट्सॲपवर मजकुराच्या वर फॉरवर्डचा दुहेरी बाण दिसला, तर हे नक्की विचारा. तो मजकूर मूळ माणसापासून किमान पाच फॉरवर्ड दूर आलेला असतो, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या भलेपणावरून तो खरा ठरत नाही.

चुकीचं आधीच पाठवलं असेल तर

गुपचूप पुसून टाकू नका. ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून ते पुसलं जात नाही. जिथे जिथे पाठवलं, त्या प्रत्येक ठिकाणी जा. पहिल्या ओळीत खरी माहिती लिहा, मग 'मी आधी पाठवलं ते चुकीचं होतं' हे सांगा आणि तुम्हाला सापडलेला मूळ आधार जोडा. ज्याने तुम्हाला पाठवलं होतं, त्यालाही तेच पाठवा, शक्यतो खासगीत.